मिल्ट्रीतून आलेला माणूस वेगळा का वागतो?

प्रश्न परभणी जिल्ह्यातून आलाय. थोडक्यात असा: दादा सतरा वर्षं पायदळात काढून हवालदार म्हणून घरी आले, त्याला सहा महिने झाले. घरात कुणाशी पटेना. वहिनीवर चिडतात, रात्री नीट झोपत नाहीत, शेतात मन लागत नाही. त्यातच धाकटा चुलतभाऊ अग्निवीर म्हणून (फौजेत चार वर्षांसाठी) निवडला गेलाय, दोन महिन्यांत निघेल. फौज माणसाचं नेमकं करते तरी काय, आणि घरच्यांनी काय करावं?

‘शिस्त लागते’ हे उत्तर गावात प्रत्येकाला पाठ आहे. त्यातून तुमच्या घरातली एकही गोष्ट उलगडत नाही, म्हणून ते बाजूला ठेवू.

फौज अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराकडून सगळे बारके निर्णय काढून घेते. उठायचं कधी, घालायचं काय, केस किती ठेवायचे, जेवायला काय, सुट्टी कधी, दवाखान्यात कधी जायचं, हे सगळं बाहेरून ठरतं. त्या बदल्यात मोजक्या कामांत त्याला पक्कं तयार करते, आणि ती कामं अशी की चुकली तर शेजारचा मरतो. म्हणून पस्तिशीतला हवालदार दहा जणांचा सेक्शन अंधारात डोंगरावरून बिनबोभाट खाली आणू शकतो, पण फेरफाराच्या नोटिशीवर हरकत किती दिवसांत घ्यायची हे त्याला माहीत नसतं. तलाठ्याकडं तो कधी गेलेलाच नसतो. बँकेचं केवायसी, सोयाबीनचा पीकविमा, पोरांच्या शाळेची फी हे सतरा वर्षं वहिनीनं केलं. आता तो घरी येऊन घर ‘हातात घ्यायला’ बघतो आणि घर तर आधीच चाललेलं असतं. तुमच्या घरातलं निम्मं भांडण इथं आहे.

रजेचा हिशोब करून बघा. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस नैमित्तिक रजा असते. एकही दिवस न बुडता सगळी मिळाली तरी सतरा वर्षांत ती जेमतेम सव्वाचार वर्षं भरते, त्यातला प्रवास वेगळा. आणि रजेवर आलेला माणूस पाहुणा असतो. कोंबडं कापतात, पोरं अंगावर उड्या मारतात, शेजारी कॅन्टीनच्या बाटलीची चौकशी करून जातात. लातूर-धाराशिवकडची पोरं येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) गाठायला सुट्टी मागतात, शेतात आंबिल पिऊन दोन दिवसांत परत गाडीला बसतात. दादाला घर माहीत आहे ते या सणावारातलं. मंगळवारी सकाळी अकराला लाइट गेल्यावरचं घर त्यांनी आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या चिडण्याकडं जरा जवळून बघू. ट्रेनिंग सेंटरला पहिल्या काही महिन्यांत किट ले-आउट म्हणून एक प्रकार असतो. खाटेवर चादर ताणून बसवायची, त्यावर चहाचा मग, मेस टिन (जेवणाचा डबा), ब्रश, वर्दी, बूट, सगळं ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या अंतरावर मांडायचं. उस्ताद, म्हणजे शिकवणारा, बघायला येतो. एकाचा मग बोटभर सरकलेला दिसला की अख्ख्या स्क्वॉडला रगडा: फ्रंट रोल, पिट्टू (पाठीवरची पिशवी) लावून मैदानाला चकरा. बाहेरच्याला हा नुसता छळ वाटतो. त्याचे दोन परिणाम होतात. एक, पोरगा स्वतःची खाट लावून झाली की शेजाऱ्याची बघायला लागतो, कारण शिक्षा सगळ्यांना आहे. दोन, प्रत्येक वस्तूची जागा हाताला कळते, टॉर्च न लावता रायफलचं मॅगझिन सापडतं. सतरा वर्षांनी घरी खिळ्यावर टॉर्च नसला की दादांचा आवाज चढतो, तेव्हा ते टॉर्चसाठी चिडलेले नसतात. जागेवर वस्तू नाही म्हणजे कुणीतरी निष्काळजी आहे, आणि निष्काळजीपणाची किंमत दुसरा मोजतो, हे त्यांच्या अंगात मुरलंय. त्यावर ‘हे काय मिल्ट्री आहे का?’ असं म्हणू नका, त्यानं आग वाढते. टॉर्च, किल्ल्या, औषधं, कागद एवढ्या चारच वस्तूंच्या जागा सगळ्यांनी मिळून ठरवा आणि पाळा. बाकी घर जसं आहे तसं राहू द्या. ही वाटणी तोंडानं बोलून करावी लागते, आपोआप होत नाही.

नियमाकडं बघायची नजरही तिथंच बदलते. उंचीवर जाणाऱ्या जवानाला टप्प्याटप्प्यानं हवामानाची सवय करतात: २,७०० ते ३,६०० मीटरपर्यंत सहा दिवस, ४,५०० पर्यंत आणखी चार, त्याच्या वर आणखी चार. पहिले दोन दिवस नुसता आराम. अंगात रग आहे म्हणून दुसऱ्या दिवशी पळणारा पोरगा फुप्फुसात पाणी भरून स्ट्रेचरवर खाली येतो. कितीही तगडा असू दे, महिनाभर रजा काढून परत आला की पुन्हा पहिल्यापासून. असे नियम कुणीतरी गेल्यावर लिहिलेले असतात, हे जवानाला माहीत असतं. मग तो गावी येतो आणि बोअरच्या पेटीत उघड्या वायरा, स्टार्टरला काठीनं ढकलणारा सालगडी, तारेवर टाकलेला आकडा बघतो. त्याला ते बघवत नाही. ‘गावाकडं असंच चालतं’ हे आपलं उत्तर त्याला अडाणीपणाचं वाटतं, आणि खरं सांगायचं तर इथं त्याचंच बरोबर आहे. शेतातल्या विजेचं काम दादांकडं सोपवा. पेटी बदला, अर्थिंग करून घ्या, पोरांना शिकवा म्हणावं. परतलेल्या माणसाला असं नेमून दिलेलं काम लागतं, ‘शेतात लक्ष घाला’ एवढ्यानं भागत नाही.

बोलण्याची रीत हा आणखी एक भाग. फौजेत रिपोर्ट द्यायचा म्हणजे कुठं, किती, काय करतायत, कधी बघितलं, एवढं सांगून थांबायचं. आपल्याकडं गोष्ट सांगायची म्हणजे मावशीच्या नणंदेपासून सुरुवात. वहिनी बोलायला लागली की दादा मध्येच ‘मुद्द्याचं बोल’ म्हणत असतील, तर तो अपमान करायचा हेतू नसतो, पण अपमान होतोच. हे दादांना सरळ, एकदाच आणि शांतपणे सांगावं. हुकूम खालच्यालाच देता येतो आणि घरात कुणी खालचा नाही, ही गोष्ट हवालदार झालेल्या माणसाला समजते. फौजेत वरच्याला ‘साब’ म्हणतात तेव्हा मान हुद्द्याला असतो, घरात तो वेगळा मिळवावा लागतो. शक्य असेल तर हे त्यांच्याच पलटणीतल्या आधी निवृत्त झालेल्या सोबत्याच्या तोंडून जाऊ द्या. ‘बडी’नं, म्हणजे फौजेतल्या जोडीदारानं, सांगितलेलं पटतं, भावानं सांगितलेलं टोचतं.

इथं मराठवाड्याचं एक वेगळेपण आहे. साताऱ्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत. तिथं परतलेला जवान पारावर बसला तरी चार सुभेदार भेटतात, पेन्शनचा कागद कुठं अडतो ते सांगणारं कुणीतरी असतं, बायकांनाही एकमेकींचा अनुभव असतो. आपल्याकडं पुष्कळ गावांत असा माणूस एखादाच. त्याची गोष्ट समजणारा शेजारी नाही. म्हणून तो एकतर गप्प होतो किंवा तेच तेच किस्से सांगतो. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या माजी सैनिक संघटनेच्या बैठकीला महिन्यातून एकदा जाणं. काही नाही तर तीन तास लोक त्याच्या भाषेत बोलतात.

भाषेवरून आठवलं. आपल्या पोरांना निजामाच्या राज्यामुळं दख्खनी हिंदी थोडी कानावर असते, त्यामुळं सेंटरला हिंदीनं फार अडत नाही. पण ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हटलं की बिहार-हरियाणातली पोरं हसतात. वर्षभरात त्यांची हिंदी याच्या तोंडी बसते, आणि घरी फोनवर आईला कळत नाही की लेकरू असं कोरडं का बोलतंय.

जातीपातीचा विषय आपल्याकडं कुजबुजत बोलतात, म्हणून मोकळेपणानं लिहितो. लंगरमध्ये (फौजेच्या स्वयंपाकघरात) एकाच कढईतलं जेवण असतं, ताट धुवायला एकच नळ, आणि रात्रीच्या संतरी ड्युटीला (पहाऱ्याला) सोबती कोण हे आडनाव बघून ठरत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नावं जुनी असली तरी सोबत राहण्याची सवय दोन्हीकडं पक्की लागते. गावच्या आळीतून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या पोरावर याचा खोल परिणाम होतो. गावी आल्यावर मात्र दोन्ही प्रकार बघायला मिळतात: कुणी वस्तीतल्या मित्राला घरात जेवायला बसवतो आणि भावकीशी वैर घेतो, कुणी सहा महिन्यांत पुन्हा गावाच्या मापात बसतो. फौज रस्ता दाखवते, गाव बरंचसं परत खेचतं. दादा पहिल्या प्रकारातले असतील तर घरानं त्यांच्या बाजूनं उभं राहावं, एवढंच म्हणेन.

आता झोप. संतरी ड्युटी साधारण दोन तास उभं, चार तास आराम अशी चालते. वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी झोपलेलं शरीर सलग सात तास झोपायला विसरतं. पहाटे साडेचारला डोळा उघडणं, रात्री दोनदा उठून दाराची कडी बघणं, हॉटेलात भिंतीला पाठ लावून दाराकडं तोंड करून बसणं, हे पहिले काही महिने चालायचंच, विशेषतः काश्मीर किंवा ईशान्येकडं बंडखोरांविरुद्धच्या ड्युटीवर राहिलेल्यांचं. झोपलेल्या दादांना हात लावून उठवू नका. पायाकडं उभं राहून नाव घेऊन हाक मारा. लग्नात फटाके, डीजे असेल तर आधी सांगा. त्रास आवाजापेक्षा अचानकपणाचा जास्त असतो, माहीत असलं की निभतं.

पण सहा महिन्यांनंतरही तीच स्वप्नं पडतायत, जुन्या जागेचा विषय निघाला की उठून जातात, हात कापतो, झोपेसाठी रोज दारू लागते किंवा ‘माझा काय उपयोग’ असं बोलणं सुरू झालंय, यातलं काहीही असेल तर सवयीचा भाग मागं पडला, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. तुमचे सहा महिने झालेतच, म्हणून हे आता तपासा. छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ‘मेंटल’ हा शब्द घरात वापरू नका, ‘झोपेच्या डॉक्टरकडं जाऊ’ म्हणा. तेवढ्यावर पुष्कळ जण तयार होतात. मरणाची भाषा स्पष्ट बोलून दाखवली तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शरीराचं दुसरं एक सांगतो, जे घरी कुणाच्या लक्षात येत नाही. ‘हाक मारली तरी ओ देत नाहीत’ ही वहिनीची तक्रार असेल तर कान तपासा. गोळीबाराच्या आवाजानं आधी बारीक, उंच पट्टीचा आवाज ऐकू येईनासा होतो, आणि बायकांचा व लेकरांचा आवाज नेमका त्या पट्टीतला. टीव्हीचा आवाज वाढत जातो, कानात शिट्टी वाजते. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डात हे नोंदलं गेलं असेल तर अपंगत्व पेन्शनचा दावा करायला आधार मिळतो. नसेल नोंदलं तर नंतर सिद्ध करणं जड जातं. गुडघे आणि कंबर यांचंही तसंच. ‘घरी जायची घाई होती म्हणून सगळं ठीक लिहून दिलं’ ही चूक जवान सर्रास करतात. जेवण मात्र पीटीच्या काळातलंच राहतं, पीटी थांबते, आणि दोन वर्षांत पोट, बीपी, साखर सगळं मागं लागतं. पोळ्या निम्म्या करायला लागतील.

पैसा हा घरातला खरा स्फोटक विषय. पंधरा वर्षं भरली की जवानाला पेन्शन लागते, आणि तिच्यातला निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी घेता येतो. समजा मूळ पेन्शन २०,००० ठरली. निम्मी विकली तर चाळिशीच्या आतल्या वयाला नऊच्या थोडा वर गुणक लागतो, म्हणजे १०,००० × १२ × ९.१, सुमारे १०.९ लाख. मग महिन्याला १०,००० आणि महागाई भत्ता मात्र पूर्ण २०,००० वर. कापलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. शिवाय ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रुप इन्शुरन्सची रक्कम. एवढा पैसा एकदम खात्यावर आला की भावकीला वास लागतो. बहिणीचं लग्न, पुतण्याची फी, ट्रॅक्टर, आणि आपल्याकडचं खास म्हणजे बोअर: सहाशे फुटांवर कोरडा लागला म्हणून आठशे, तिथंही नाही म्हणून शेजारी दुसरा. सतरा वर्षांची कमाई मातीत अशी गेलेली घरं कमी नाहीत. फौजेत शब्द दिला की पाळतात, त्यामुळं जवान हातउसने पैसे लिहून न घेता देतो. पहिलं वर्षभर रक्कम मुदत ठेवीत नवरा-बायकोच्या जोड खात्यावर ठेवा, आणि मागायला येणाऱ्याला ‘वहिनीला विचारून सांगतो’ म्हणायची मुभा दादांना द्या. घर बांधायचं तर ते आधी, ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी.

नोकरी करायची का? छत्तीस-अडतिसाव्या वर्षी करायलाच हवी, पैशापेक्षा दिवस भरण्यासाठी. राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण परीक्षा द्यावी लागते आणि अभ्यासाची सवय मोडलेली असते, म्हणून सहा महिने तरी धरा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. मेस्को या माजी सैनिकांच्या सरकारी महामंडळामार्फत सुरक्षारक्षकाचं काम लवकर मिळतं. पण तीस जणांच्या प्लाटूनमध्ये ज्याचा शब्द चालायचा त्याला एटीएमच्या दारात स्टुलावर बसवलं की आतून काहीतरी मोडतं. त्यापेक्षा आपल्या भागात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मैदानावर शिकवणं, शाळेतली कवायत, गोदामाची व्यवस्था ही कामं त्याला शोभतात. ‘किती नग, कुठं, कुणाच्या ताब्यात’ हे तो झोपेतही बरोबर सांगेल.

कागद आत्ताच बघून घ्या: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) कार्ड, स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलचं लॉगिन. त्यातही एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. रेकॉर्डला एक नाव, आधारला दुसरं, पीपीओत तिसरं स्पेलिंग, जन्मतारखेतही फरक. दादा आहेत तोवर हे कुणाला दिसत नाही. ते गेल्यावर कुटुंब पेन्शनसाठी वहिनीला वर्षभर चकरा माराव्या लागतात. दुरुस्ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून होते, अर्ज सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लावता येतो. मुलांच्या जन्माची नोंदही तिथं झालीय का बघा. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका. गावातल्या राहत्या घराला घरपट्टीत सूट आहे, ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो. बांध कोरल्याचा वाद असेल तर दादा फौजेतल्यासारखं ‘दरबारात (साहेबांसमोरच्या जवानांच्या बैठकीत) पॉइंट मांडला की साहेब उत्तर देतात’ या अपेक्षेनं तहसीलला जातील आणि संतापून परत येतील. पोच घ्यायची, तारीख लिहून ठेवायची, मोजणीचा अर्ज करायचा, हे वहिनीनं शिकवावं. तिला ते येतं.

चुलतभावाचं थोडक्यात. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा, पुढं जास्तीत जास्त २५ टक्के कायम. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरतात, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,००० येतात. चार वर्षांनी सेवा निधी व्याजासह सुमारे ११.७१ लाख, करमुक्त. पेन्शन, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे दादांना लागलेल्या सवयी त्यालाही लागतील, चार वर्षं त्याला पुरेशी आहेत, पण परत येईल तेव्हा पाठीशी महिन्याची पेन्शन नसेल आणि वय बावीस-पंचवीस असेल. त्या सेवा निधीच्या भरवशावर आत्ताच घराचं कर्ज किंवा लग्न ठरवू नका. इग्नूत अग्निवीरांसाठी खास पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात सेवेतल्या कौशल्याचे श्रेयांक (क्रेडिट) धरतात. पहिल्या वर्षापासून नाव घालायला सांगा. कायम झाला नाही तर ‘नापास’ हा शब्द गावात कुणी उच्चारणार नाही याची जबाबदारी घरच्यांची, कारण चारातल्या तिघांना परत यायचंच आहे.

जाण्याआधी दहावीची सनद, आधार, बँक खातं आणि अधिवास यांवर नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन्‌अक्षर एकसारखी करून घ्या. सेंटरला काळी लोखंडी पेटी घेतील, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर लिहितात. त्या पेटीच्या तळाशी या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच प्लास्टिकमध्ये घालून ठेवायला सांगा, दुसरा घरी. पहिल्या रजेवर आला की दोन दिवस त्याला झोपू द्या, पाहुण्यांना तिसऱ्या दिवशी बोलवा, आणि तो दादांपाशी जाऊन बसला की मध्ये कुणी चहा घेऊन जाऊ नका.